मृणालबाईंच्या जागी

सोमवार, ४ ऑगस्ट १९८६ या तारखेखाली माझ्या डायरीत चार नोंदी आहेत. पाऊस नाही. दूध नासलं. ह्यांचा खोकला कमी. शाळेच्या फाटकाबाहेर एक गृहस्थ दहा वाजल्यापासून उभे.

ते गृहस्थ म्हणजे सुकदेव मास्तर. शाळा अकराची होती. मी पावणेअकराला पोचले तेव्हा ते फाटकाच्या खांबाला टेकून नव्हे, खांबाशेजारी ताठ उभे होते. हातात कापडी पिशवी, अंगात इस्त्रीचा पण बाहीला रफू केलेला सदरा. फाटक सताड उघडं होतं. मी विचारलं, कोणाला भेटायचंय. ते म्हणाले, बदली शिक्षक म्हणून बोलावलंय, कोणी आत घेतलं की जाईन.

मी त्यांना आत घेतलं.

दुसऱ्या दिवशीही ते बाहेरच उभे. तिसऱ्या दिवशीही. हेडमास्तर रमाकांत सर तळकोकणातले, बोलण्यात तिरके. त्यांनी विचारलं की रोज अक्षता द्यायला हव्यात का. तेव्हा सुकदेव मास्तरांनी शांतपणे खुलासा केला. डी. एड. होऊनही नोकरी लागेना म्हणून ते सात वर्षं धुळ्याकडच्या एका कापड गिरणीत बदली कामगार होते. बदलीवाल्याने रोज गेटवर उभं राहायचं. आज कोण आलं नाही ते पाहून जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट दाखवतो, मग आत जायचं. बोट दाखवलं नाही तर घरी. आज जागा रिकामी होती म्हणजे उद्या असेलच असं नाही. गिरणी बंद पडली, मेहुणा मसाटच्या कारखान्यात होता म्हणून ते सिल्वासाला आले. पण सवय राहिली होती. रमाकांत सरांनी दोन आठवडे रोज बोट दाखवलं. मग ते काम त्यांनी शिपाईण तानूबाईकडे दिलं.

आता पाचवी 'ब'विषयी सांगायला हवं, कारण जागा तिथली होती.

आमची शाळा मराठी माध्यमाची. पूर्वी तिथे सरकारी नोकरांची आणि आसपासच्या पाड्यांवरची मुलं असत. कारखाने आले तशी धुळ्या-जळगावकडची कुटुंबं मसाट, रांधा, सामरवरणी इथे खोल्या घेऊन राहू लागली आणि त्यांची मुलं एकदम आमच्याकडे आली. जागा होईल तिथे बसवता बसवता पाचवीची 'ब' तुकडी झाली. पटावर बावन्न. वर्गशिक्षिका मृणालबाई, माझ्या चांगल्या परिचयाच्या. त्या जुलैत बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेले पहिले गृहस्थ नऊ दिवस टिकले. दुसऱ्या एक तरुण बाई होत्या. त्या मधल्या सुट्टीत डबा खायला म्हणून गेल्या त्या परत आल्या नाहीत. डब्याचं झाकण बरेच दिवस स्टाफरूमच्या खिडकीत होतं.

वर्गाचं हत्यार एकच होतं. मुलं गुणगुणत. तोंड मिटून, पुस्तकात डोळे घालून, बावन्नच्या बावन्न. कोणाला पकडणार? जवळ गेलं की तिथला आवाज थांबे आणि मागचा वाढे. माझा सातवीचा वर्ग शेजारी होता. मध्ये प्लायवुडचं पार्टिशन, तेही छतापर्यंत न पोचलेलं. मला त्या आवाजात इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं सांगावी लागत. मी ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले तिथे अशा प्रसंगी सिस्टर पूर्ण वर्गाला उन्हात उभं करत. तोही उपाय इथे करून झाला होता. मुलं उन्हात गुणगुणली.

सुकदेव मास्तरांच्या पहिल्या तासाला मी कान देऊन होते, हे कबूल करते.

समाधान नावाचा एक मुलगा वर्गाचा पुढारी होता. बाप मसाटला सुताच्या कारखान्यात फिटर. त्याने उठून विचारलं, "सर, तुमी बदली का परमनंट?"

"बदली."

"मंग आमी तुमाला काय म्हणायचं? मृणालबाई?"

वर्ग हसला. मी पेन खाली ठेवलं. अशा वेळी शिक्षक एकतर हात उगारतो नाहीतर हेडमास्तरांकडे जातो, आणि दोन्हींनी तो संपतो.

"म्हण," सुकदेव मास्तर म्हणाले. "गिरणीत मी तीन वर्षं नारायण होतो. रजेवरच्या नारायणचा माग चालवायचो, तर सगळे नारायणच म्हणायचे. नारायणची चिठ्ठीपण मलाच यायची."

मग त्यांनी हजेरी घेतली. शेवटी समाधान ओरडला, "मृणालबाई?" आणि मास्तर म्हणाले, "हजर." पुढचे पंधरा दिवस हे रोज चाललं. सोळाव्या दिवशी समाधान विसरला. त्याला त्यात काही मिळत नव्हतं.

गुणगुणणं मात्र चालूच राहिलं. त्यावर त्यांनी जे केलं ते मी पार्टिशनच्या फटीतून पाहिलं आहे. त्यांनी आवाज बंद केला. ओठ हलत होते, हात हलत होते, फळ्यावर खडू चालत होता, पण शब्द ऐकू येत नव्हता. पहिल्यांदा मला वाटलं, त्यांचा घसा बसला. मुलांनाही तसंच वाटलं असावं. काही वेळाने पुढच्या बाकावरचा आवाज थांबला, कारण काय सांगताहेत ते कळेना. मग मधला. मागच्या बाकांवरची मुलं उठून पुढे पाहू लागली. वर्ग शांत झाला तरी मास्तर तसेच, बिनआवाजी. तासाच्या शेवटी त्यांनी विचारलं, मी काय सांगितलं? कावेरी नावाच्या एका चुणचुणीत मुलीने सांगितलं की अपूर्णांक.

स्टाफरूममध्ये त्यांनी मला समजावलं. मागखात्यात शेकडो माग एकदम धडधडतात. कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही. म्हणून तिथले कामगार ओठांवरून बोलतात आणि आकडे बोटांनी सांगतात. मूठ वर करून खाली ओढली की त्याचा अर्थ, माग बंद कर. "आवाजावर आवाज चढवून काय फायदा, बाई," ते म्हणाले. "घसा आपलाच जातो."

मला हे नवीन नव्हतं. बोर्डिंगमध्ये जेवणाच्या वेळी मौन असे, आणि सहा वर्षं जी मुलगी गप्प जेवते ती ओठांवरून बोलायला शिकतेच. ते मी त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशीच्या डायरीत मात्र लिहिलं.

महिन्याभरात पाचवी 'ब' अख्ख्या शाळेत शांत वर्ग झाला. बावन्न मुलं ओठांवरून बोलत. मधल्या सुट्टीत मैदानाच्या दोन टोकांना उभं राहून भांडत, आणि आम्हाला फक्त हातवारे दिसत. रमाकांत सरांना हे मानवलं नाही. शिक्षक शिकवत असेल तर ऑफिसपर्यंत आवाज यायला हवा, असं त्यांचं मत होतं. ते दोनदा येऊन वर्गात कोणी आहे का पाहून गेले. "काय हो," त्यांनी मला विचारलं, "हा माणूस शिकवतो की तेराव्याला बसवतो मुलांना?"

पण शांत वर्गाविरुद्ध तक्रार करता येत नाही. शिवाय सप्टेंबरात मृणालबाईंचं पत्र आलं की यजमान मुंबईला गेले, त्या आता परत येणार नाहीत. म्हणजे जागा कायमची रिकामी झाली. रमाकांत सरांनी सुकदेव मास्तरांना बोलावून सांगितलं की डिसेंबरात तपासणी आहे. शिक्षणखात्याचे साहेब येतील, पाचवी 'ब' जरूर पाहतील, कारण तिची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली आहे. शेरा चांगला आला तर तुमचं नाव वर पाठवतो. नाहीतर नवा मनुष्य येईल.

हे ऐकून आल्यावर मास्तर बराच वेळ पाणी पीत राहिले. मग त्यांनी मला बायडाबाईंविषयी सांगितलं. बायडाबाई त्यांची पत्नी. शिरपूरजवळच्या गावी सासऱ्यांकडे होत्या, बरोबर चार वर्षांची मुलगी. ते स्वतः सामरवरणीला मेहुण्याच्या खोलीत आणखी तिघांबरोबर राहत. परमनंट झालो की आणतो, असं त्यांनी गिरणीत असल्यापासून बायकोला सांगितलं होतं. तिची ट्रंक दोन वर्षं भरलेली होती. कपडे लागले की ती त्यातून काढी आणि धुऊन पुन्हा त्यातच ठेवी. आता दिवाळीला गावी जाईन तेव्हा डिसेंबर म्हणून सांगतो, असं ते म्हणाले. तारीख सांगायला मिळाली याचाच त्यांना आनंद झालेला दिसला.

तपासणी गुरुवार, ११ डिसेंबरला झाली. साहेब जाडसर, सौम्य चेहऱ्याचे होते आणि त्यांना पाढ्यांची आवड होती. आवड नाही म्हणता येणार, विश्वास होता. रमाकांत सरांनी मला रजिस्टर धरायला बरोबर घेतलं. सुकदेव मास्तर नियमाप्रमाणे वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभे राहिले. साहेब खिडकीपाशी खुर्चीवर, मी त्यांच्या मागे. माझ्या डाव्या हाताला, भिंतीकडच्या बाकावर कावेरी. साहेबांची तिच्याकडे पाठ होती.

साहेबांनी वर्गाची शांतता पाहिली आणि मान हलवली. मग नेमकं समाधानला उठवलं. समाधानला पाढे येत नसत. आठाच्या पुढे त्याचं आणि पाढ्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

"तेरा सक?"

"अठ्ठ्याहत्तर," समाधान म्हणाला.

मी चमकले. साहेबांनी सतरा नव्वे विचारलं. एकशे त्रेपन्न. एकोणीस साते. एकशे तेहेतीस. समाधान आदबीने साहेबांच्या खांद्याच्या जरा वर पाहत होता. मी डावीकडे पाहिलं. कावेरी समाधानकडे वळून वेणीची रिबीन सारखी करत होती. बोटं रिबिनीवर एक, तीन, तीन अशी उमटत होती, आणि ओठ हलत होते. मला ते स्पष्ट वाचता आलं.

पुढे मी काय केलं ते लिहिलं पाहिजे. मी रजिस्टर उघडून तारखेचं पान पाहू लागले. मी वर्गाकडे पाहिलंच नाही, असं कोणालाही वाटलं असतं.

साहेबांनी विचारलं, हा मुलगा कुठला? रमाकांत सर म्हणाले, मसाटचा, साहेब, कामगाराचा मुलगा. आमच्याकडे पाढ्यांवर पहिल्यापासून भर असतो. साहेबांनी वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. शेरा तिथेच लिहिला जाणार होता. डिसेंबर, बायडाबाई, ट्रंक, सगळं त्या पेनाच्या टोकाशी आलं होतं, आणि मास्तरांना फक्त उभं राहायचं होतं. ते त्यांना चांगलं येत होतं.

साहेबांची नजर वहीवर असताना मास्तरांनी हात वर केला. मूठ वळली आणि खाली ओढली. माग बंद.

कावेरीची बोटं रिबिनीवरून खाली आली. तिने दोन्ही हात बाकावर ठेवले आणि ओठ मिटले. तिचं पाहून सगळ्या वर्गाने ओठ मिटले.

साहेबांनी लिहिण्याआधी, सहज म्हणून, आणखी एक विचारलं. सोळा आठे.

समाधानने कावेरीकडे पाहिलं. मग मागे वळून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचे ओठ हलले. मला वाटलं, ते उत्तर सांगताहेत. ते म्हणाले होते, तू सांग.

समाधानने बराच वेळ घेतला. कपाळाला आठ्या घातल्या, बोटं मोजली, पुन्हा मोजली. "एकशे अठरा," तो म्हणाला.

साहेबांनी पेन थांबवलं. मग आणखी अकरा मुलांना उठवलं. सातांचं चुकलं. शेरा असा पडला: वर्गाची शिस्त उत्तम. पाढे कच्चे. वर्गास अनुभवी शिक्षकाची आवश्यकता आहे.

रमाकांत सरांना मूठ दिसली नव्हती. त्यांना फक्त मुलगा एकाएकी बिघडलेला दिसला. त्यांनी तानूबाईला चहा परत न्यायला सांगितलं; तपासणी बिघडली याचा हा शाळेतला जुना संकेत होता.

शाळा सुटल्यावर मी मास्तरांना विचारलं, तीन उत्तरं गेलीच होती, चौथं गेलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यांनी फळा पुसता पुसता सांगितलं. "उत्तर कावेरीचं आणि नाव समाधानचं. मी नारायण होतो, बाई. तीन वर्षांनी नारायण परत आला तेव्हा साहेबाने त्यालाच शाबासकी दिली. मला कोणी वळखेना." डस्टर झटकून म्हणाले, "आणि चूक माझीच. मागखात्यात बोलणं चालतं, पाढे पाठ होत नाहीत. पाढे तोंडाने घोकावे लागतात. मी पोरांना गप्प केलं आणि तिथंच थांबलो."

एवढं बोलून त्यांनी खडूचे तुकडे डब्यात ठेवले आणि डबा माझ्या हातात दिला. ३१ डिसेंबरपर्यंत ते रोज आले. त्या वीस दिवसांत त्यांनी पाढे मोठ्याने म्हणून घेतले. रमाकांत सर येऊन म्हणाले की ऑफिसात काम करणं अशक्य झालंय.

सोमवार, ५ जानेवारी १९८७ रोजी सुधाकर मास्तर रुजू झाले. परमनंट, अनुभव चौदा वर्षांचा. वर्गात जाताच त्यांनी टेबलावर पट्टी ठेवली. दहाव्या मिनिटाला पार्टिशनपलीकडे गुणगुणणं सुरू झालं. चार महिन्यांत मी ते ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर सुरात सुधारणा झाली होती. सुधाकर मास्तर ओरडत, मुलं शांत होत, सुधाकर मास्तर बोलायला लागत, मुलं सुरू होत. त्यांनी पट्टी वापरली. मुलांनी त्यावर काही म्हटलं नाही, फक्त त्यांच्याकडे बघून ओठ हलवायला सुरुवात केली. एकमेकांशी बोलत, आवाज न करता, अख्खा वर्ग. आपल्याविषयी बोलताहेत हे कळतं आणि काय बोलताहेत ते कळत नाही, ही अवस्था चौदा वर्षांच्या अनुभवात बसत नव्हती. मला कळत होतं. फारसं वाईट काही नव्हतं. बहुतेक वेळ ती क्रिकेटविषयी बोलत.

सातव्या दिवशी, सोमवारी, सुधाकर मास्तरांचा वैद्यकीय रजेचा अर्ज आला. मुदत दोन महिने, कारण कानात सतत आवाज येणे.

रजेवरच्या माणसाच्या जागी बदली लागतो. रमाकांत सरांनी दोन दिवस विचार केला. बुधवारी संक्रांतीची सुट्टी होती, आकाशात पतंगच पतंग. त्यांनी त्या सुट्टीत तानूबाईला सामरवरणीला पाठवलं. तानूबाई परत आल्या त्या तिळगूळ घेऊनच. मास्तर मसाटच्या एका कारखान्याच्या गेटवर सकाळी उभे राहतात, असं त्यांनी सांगितलं. कधी आत घेतात, कधी नाही. आणि खोलीत बाई आली आहे, ट्रंकेसकट, बरोबर मुलगी. तिळगूळ तिनेच दिला.

बायडाबाईंना मास्तरांनी पत्रात कळवलं होतं की जागा मिळाली नाही, म्हणून आता येऊ नये. त्या पत्र मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी निघाल्या. पुढे त्यांची माझी ओळख झाली तेव्हा मी विचारलं, परमनंट झाल्यावर यायचं ठरलं होतं ना. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "वाटच पाहायची तर दोघांनी एका जागी पाहू. दोन गावी कशाला."

गुरुवारी, १५ तारखेला, सुकदेव मास्तर दहा वाजता फाटकाबाहेर उभे होते. तानूबाई घंटेपाशी होत्या. त्यांनी बोट दाखवायला हात उचलला, तेवढ्यात रमाकांत सर ऑफिसातून बाहेर आले आणि सगळं मैदान ओलांडून फाटकापर्यंत चालत गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. मी व्हरांड्यात होते आणि सरांची पाठ माझ्याकडे होती. मास्तरांचे ओठ मात्र मला दिसले. ते म्हणाले, "कोणाच्या जागी?"

त्यावर सरांनी काय सांगितलं ते माहीत नाही. पण पाचवी 'ब'मध्ये हजेरी झाली तेव्हा शेवटी समाधानने विचारलं, "सुकदेव मास्तर?" आणि पार्टिशनपलीकडून आवाज आला, "हजर." मग त्यांनी वर्गाला सांगितलं की सुधाकर मास्तरांना ज्यांनी छळलं त्यांनी सोळाचा पाढा शंभर वेळा म्हणायचा. कोणी छळलं हे सांगायची गरज नव्हती. बावन्न मुलं उठली. माझ्या सातवीला त्या दिवशी इंग्रजी झालं नाही.

सुधाकर मास्तर परतले नाहीत; त्यांनी दुसरी शाळा मागून घेतली. सुकदेव मास्तर पुढची साडेचार वर्षं बदलीवर राहिले. दर जूनला नवा कागद, नवं नाव: कधी याच्या जागी, कधी त्याच्या. मंजुरी १९९१च्या जुलैत आली. तोवर रमाकांत सर निवृत्त होऊन कोकणात गेले होते आणि शाळेचा कारभार काही काळ माझ्याकडे होता, म्हणून तो कागद मीच त्यांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. त्यात 'च्या जागी' कुठे लिहिलंय ते शोधत होते. नव्हतं. त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवला आणि तासाला गेले.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला मी आले तर ते फाटकाबाहेर उभे. मी म्हटलं, मास्तर, आता कशाला?

ते ओशाळले. म्हणाले, "बायडा म्हणाली, आज आत जाऊन बसा. निघालो तसाच. पण पाय इथंच थांबले."

मी त्यांना आत घेतलं.